डांबरी दर्या

अमेरिकेतलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम सदतीस मीटर खाली. कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र रस्त्यानं दीड हजार किलोमीटरहून लांब. अशा गावात शिडाची होडी बाळगणारा माणूस सापडू नये. पण सापडतो, आणि एकटादुकटा नव्हे. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी ७० क्रमांकाच्या महामार्गावर पश्चिमेकडे निघालेल्या गाड्या पाहाव्यात. गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, होडीच्या पाठीवर आडवी निजवलेली डोलकाठी आणि तिच्या मागे लोंबणाऱ्या टोकाला बांधलेलं लाल फडकं. ही वरात घाट चढत आयझेनहॉवर बोगद्याला पोचते. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३,४०० मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी शंभर मीटर कमी पडतील. तिथून साडेसहाशे मीटर खाली उतरलं की ९,०१७ फुटांवर डिलनचा जलाशय लागतो, आणि इतका वेळ आकाशात नेलेली ती होडी अखेर पाण्यात सोडली जाते. तरंगण्यापलीकडे जिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही, तिला आधी गिर्यारोहण करावं लागतं. याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात आणि बहुतेक शहाणे लोक तेवढं म्हणून विषय संपवतात. मला तो तिथं संपवावासा वाटत नाही. माझं म्हणणं असं, की ही माणसं होडी घेऊन समुद्राकडे निघालेली नसतातच; ती समुद्रातच असतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत दर्यावर्दीपण हा गुण पाण्यातून बाहेर येऊन डांबरावर चढला आहे. ट्रेलरवाला खलाशी रस्त्यावर असतो तोवरच खलाशी असतो. पाण्यात उतरला की तो सुट्टीवर गेलेला गृहस्थ.

आधी वेगाचा हिशेब पाहू. बुडाशी रुंद, वजनदार अशी शिडाची होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःच एक लाट उठवते आणि त्या लाटेच्या खोलगटात अडकून बसते. वारा कितीही असो, तिच्याच लाटेची चढण तिला चढवत नाही. तो कमाल वेग काढायचं सूत्र अगदी बाळबोध आहे: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४नं गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. कॅटलिना २२ ही या जमातीतली सगळ्यांत ओळखीची होडी. तिची पाण्यातली लांबी १९ फूट ४ इंच, म्हणून तिची धाव सहा नॉटच्याही आतच, तासाला अकरा किलोमीटर. सायकलवरचा दूधवाला तिला मागे टाकेल. हीच होडी ट्रेलरवर चढली की कॅलिफोर्नियात तिला ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरनं जायची कायदेशीर मुभा आहे, आणि तीही समोरून वारा असताना. शिडाच्या होडीला थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, हे या विद्येचं पहिलं दुःख. तिला वाकडीतिकडी वळणं घेत वाऱ्याकडे सरकावं लागतं. ट्रेलरवर मात्र ती वाऱ्याच्या नाकावर टिच्चून जाते. डेन्व्हर ते सॅन डिएगो हे सुमारे १,७०० किलोमीटर अंतर कोरड्यावरून वीस तासांत पार पडतं. मध्ये समुद्र असता आणि वारा मनासारखा असता, तरी तिला दिवसरात्र चालून साडेसहा दिवस लागले असते. होडीच्या आयुष्यातला सगळ्यांत वेगवान, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सरळ प्रवास ती पाण्याबाहेर करते. माणसाच्या बाबतीत असं दिसलं असतं तर आपण त्याला पाण्यातला प्राणी म्हटलं नसतं.

आणि तिला घडवलं कुणी, तेही पाहा. होडीची रुंदी लाटांनी ठरवावी अशी आपली भाबडी समजूत असते. अमेरिकेत ती महामार्गाच्या कायद्यानं ठरवली. १९५६च्या कायद्यानं वाहनाची रुंदी आठ फुटांवर बांधली, आणि १९६९ मध्ये फ्रँक बटलर यांच्या कारखान्यातून बाहेर आलेली कॅटलिना २२ कमरेशी ७ फूट ८ इंच निघाली. हा योगायोग नव्हे. १९८२ साली मर्यादा साडेआठ फुटांवर गेली आणि नव्या होड्यांना अर्धा फूट श्वास घ्यायला मिळाला. त्याहून रुंद होडी रस्त्यावर आणायची तर परवाना काढावा लागतो, आणि परवाना काढून हिंडणं म्हणजे हिंडणं नव्हे. बुडाचीही तीच कथा. शिडाच्या होडीला खाली जड कील लागते, नाहीतर वारा तिला आडवी करतो. पण खोल, पक्की कील ट्रेलरवर बसत नाही. म्हणून कॅटलिनाची बिडाची कील बिजागरीवर लावली, सुरीचं पातं मिटावं तशी वर मिटणारी. ती पाण्यात पाच फूट खोल जाते, मिटली की दोन फुटांवर येते. अशा पंधरा हजारांहून जास्त होड्या बनल्या, हा तिच्यावर समुद्र प्रसन्न असल्याचा पुरावा मानायचा की वाहतूक खातं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. कॅलिफोर्नियातल्या कॉस्टा मेसाच्या रॉजर मॅकग्रेगर यांनी तर आणखी पुढची मजल मारली. त्यांच्या २६ फुटी होडीला तळाशी टाकी असे. होडी पाण्यात गेली की टाकीत तिथलंच साडेसहाशे-सातशे किलो पाणी भरून घ्यायचं, तेच तिचं वजन. बाहेर काढताना सोडून द्यायचं. पाण्यात उलटू नये म्हणून पोटभर पाणी प्यायचं आणि रस्त्यावर चालता यावं म्हणून ओकून टाकायचं, ही कल्पना सुचायला एकाच वेळी अभियंता आणि व्यापारी असावं लागतं. शुद्ध जातिवंत खलाशी या होड्यांना नाकं मुरडत आले आहेत. त्यांचं म्हणणं, ही होडी म्हणून अर्धी आहे. बरोबर आहे, पण उरलेली अर्धी कुठं आहे ते त्यांनी पाहिलेलं नाही. ती गाडीच्या हिचला अडकवलेली असते.

आता दर्यावर्दीपण म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला हवं, नाहीतर माझं म्हणणं नुसतं शब्दांचा खेळ ठरेल. गलबत हाकणाऱ्या जुन्या तांडेलाकडे पाहिलं तर त्याच्या अंगचे गुण चार-पाचच निघतात: वजन कुठं किती ठेवायचं याची जाण, वाऱ्याचा अंदाज, प्रत्येक दोर-गाठ रोज हातानं चाचपून पाहायची खोड, चुकीच्या वेळी बंदरात न शिरण्याचा संयम, आणि ‘संध्याकाळपर्यंत पोचू’ असं तोंडानं कधीही न म्हणण्याची सावधगिरी. यातला एकेक गुण घेऊन रस्त्यावर या. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडावा असा दंडक आहे. त्याहून फार कमी पडला, तर आपल्याकडे गाडीवान ज्याला ‘गाडी उलार झाली’ म्हणतात तसं होतं. फरक इतकाच, की उलार झालेली बैलगाडी बैलाचं जू वर उचलते, आणि ताशी नव्वदनं चाललेला उलार ट्रेलर झोकांड्या खायला लागतो, पुढच्या गाडीचं शेपूट डावी-उजवीकडे फेकायला लागतो. म्हणून नांगर कुठं, पाण्याचे कॅन कुठं, शीतपेयांची पेटी होडीच्या पोटात पुढे की मागे, यावर घरासमोर तासभर खल चालतो. जहाजावर माल लादताना चाले, तोच हा खल. पाण्यावर पोचल्यावर मात्र तीच पेटी ज्याचा हात पोचेल तिथं ठेवतात.

वाऱ्याचंही तसंच. दक्षिण वायोमिंगमधून जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग वाऱ्यासाठी इतका कुप्रसिद्ध आहे, की वारा फार वाढला तर हलक्या आणि उंच वाहनांना तो बंद करतात. आडव्या वाऱ्यानं तिथं ट्रकसुद्धा कलंडतात. अशा वेळी ट्रेलरवाला पेट्रोलपंपाच्या आडोशाला गाडी लावून आकाशाकडे बघत बसतो, दुसरी कॉफी घेतो, हवामानाचा अंदाज पुन्हा वाचतो. वादळ टळेपर्यंत खाडीत नांगरून पडलेल्या नाखव्याचंच हे रूप. त्यातली गंमत अशी, की आयुष्यभर वारा मागणारा हा प्राणी आज वारा पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो. दोन दिवसांनी सरोवरावर त्याची प्रार्थना मंजूर होते.

पण या डांबरी दर्यावरची खरी रात्रपाळी चाकांची. ट्रेलरच्या चाकाच्या बेअरिंगला निसर्गानं किंवा अभियंत्यानं एक क्रूर नशीब दिलेलं आहे. पाचशे किलोमीटर फिरून ती तापते आणि तशीच तापलेली थंडगार पाण्यात बुडवली जाते, कारण ट्रेलर पाण्यात घातल्याशिवाय होडी उतरत नाही. चाकाच्या तुंब्यातली गरम हवा एकदम आकसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते; वंगण धुपतं, गंज धरतो, आणि पुढच्या वेळी वाळवंटाच्या ऐन मध्यावर चाक किंचाळायला लागतं. तुंब्यात स्प्रिंगनं सतत वंगण दाबून ठेवणारी टोपी यावर तोडगा म्हणून निघाली आणि खूप खपली. तरीही जाणता माणूस दर थांब्यावर उतरून चारही तुंब्यांवर तळहात ठेवून पाहतो, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. एक जास्तीचा तुंबा, आत वंगण भरलेला, बेअरिंग बसवलेला, तो ट्रेलरच्या दांडीवरच अडकवून नेतो. टायरची तर कुंडलीच मांडलेली असते. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ असं असेल तर जन्म २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. होडीच्या ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. वर्षातले अकरा महिने ते अंगणात उन्हात बसून असतात आणि बाराव्या महिन्यात त्यांच्याकडून दीड हजार किलोमीटरची अपेक्षा केली जाते. निवृत्तीनंतर मॅरेथॉन धावायला निघालेल्यांनी यावरून काय समजायचं ते समजावं. यातल्या बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांहून जास्त धावायची परवानगी नसते, म्हणून ही मंडळी उजवीकडच्या संथ रांगेत राहतात आणि मागच्यांच्या शिव्या वाऱ्यावर सोडून देतात. पाण्यावर कुणी शिव्या देत नाही, त्यामुळे संयम तिथं शिकता येत नाही.

बंदरात शिरणं ही जुन्या काळी तांडेलाची परीक्षा असे. आता ती परीक्षा रॅम्पवर होते: सरोवराच्या काठी पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार, त्यावरून ट्रेलर उलटा नेऊन पाण्यात घालायचा. इथं एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. हे उलटं गणित शिडवाल्याच्या हाडात मुरलेलं असतं. आणि गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. गणित तेच! म्हणजे पृथ्वीवर ट्रेलर सफाईनं मागे घेऊ शकेल असा जर कुणी वर्ग असेल, तर तो शिडवाल्यांचाच असायला हवा. प्रत्यक्षात रॅम्पच्या कडेच्या बाकांवर संध्याकाळी माणसं फुकटचा तमाशा बघायला का बसतात, ते उघड आहे. त्यात धक्का-ब्रेकवाले ट्रेलर आणखी मौज आणतात. हे ब्रेक फार हुशारीनं बनवलेले असतात. पुढची गाडी थांबली की मागचा ट्रेलर हिचवर रेटतो आणि त्या रेट्यानंच ट्रेलरचे ब्रेक लागतात. ड्रायव्हरला वेगळं काही करावं लागत नाही. पण मागे जाताना गाडीच ट्रेलरला रेटते. ट्रेलरला वाटतं, धनी थांबतोय, आणि तो इमानानं ब्रेक लावून उभा राहतो. ते ब्रेक तात्पुरते बंद करायची सोय असते, ती चालू करायला कोण विसरतं हे कळायला बाकावर फार वेळ बसावं लागत नाही. मदतीला गाडीमागे उभी असलेली पत्नी हातवारे करत असते. समुद्रावरच्या निशाणांची आंतरराष्ट्रीय भाषा चाळीस निशाणांची आहे. त्यात माणूस पाण्यात पडल्याचं निशाण आहे, आग लागल्याचं आहे, डॉक्टर हवा असल्याचं आहे. ‘अहो, डावीकडे, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे’ यासाठी चाळिसांतलं एकही नाही. यावरून ती भाषा ठरवणाऱ्यांकडे ट्रेलर नव्हता एवढं नक्की सिद्ध होतं.

बंदर आलं म्हणजे जकात आली आणि विलगीकरणही आलं. तेही आता रस्त्यावर आहे. झेब्रा आणि क्वागा या नखाएवढ्या शिंपल्यांनी ही व्यवस्था करून घेतली. युरोपाकडून येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून झेब्रा शिंपला अटलांटिक ओलांडून आला आणि १९८८ साली ग्रेट लेक्सच्या भागात सापडला. पुढचा प्रवास त्यानं ट्रेलरवर केला. होडीच्या बुडाला, कीलच्या फटीत, टाकीच्या तळाशी उरलेल्या ओंजळभर पाण्यात बसून ही मंडळी राज्यंच्या राज्यं ओलांडतात, ओलाव्यात कित्येक दिवस जिवंत राहतात, आणि नव्या सरोवरात उतरल्यावर तिथले नळ, धरणांच्या जाळ्या, सगळं गिळत सुटतात. जानेवारी २००७ मध्ये क्वागा थेट नेवाडा-ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या लेक मीडमध्ये सापडला. तेव्हापासून पश्चिमेकडच्या राज्यांत होडीवाल्यांना महामार्गावर अडवून बुडाखाली टॉर्च मारून पाहतात, गरज पडली तर कढत पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात, आणि संशय आला तर होडी डांबून ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरचा तपासनीस तर पुढच्या सीटवर संत्री आहेत का, हेही विचारतो. जुन्या व्हेनिसमध्ये परक्या जहाजाला चाळीस दिवस बंदराबाहेर ठेवत. त्या ‘चाळीस’ शब्दावरूनच क्वारंटाइन शब्द आला. तो शब्द आज बंदराइतकाच पेट्रोलपंपाच्या शेजारी ऐकू येतो. मॅकग्रेगरच्या त्या पाणी पिणाऱ्या टाकीकडे तपासनीस विशेष संशयानं पाहतात, हे ओघानं आलंच. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: ट्रेलरवरून लांबचा जलप्रवास करण्याचा खरा फायदा आजवर कुणी घेतला असेल, तर तो या शिंपल्यानं. त्याला टायर बदलावा लागत नाही.

आता आक्षेप. पहिला असा, की मोटरबोटवालेही ट्रेलर ओढतात. मग शिडवाल्यांचंच कौतुक का? कारण मोटरबोटवाल्याला रस्ता आणि पाणी यांत फारसा फरक पडत नाही. तो रॅम्पवर येतो, किल्ली फिरवतो आणि ज्या वेगानं आला साधारण त्याच वेगानं निघून जातो. शिडवाल्याचं पाण्याला पाय लागण्याआधी तासा-दोन तासांचं काम बाकी असतं: निजलेली डोलकाठी उठवायची, तिच्या ताणाच्या तारा चारी बाजूंनी कसायच्या, आडवं लाकूड लावायचं, शीड चढवायचं, सुकाणू अडकवायचं, आणि तळाचं बूच लावलं का ते आठवायचं. हे शेवटचं बहुतेकदा होडी पाण्यात गेल्यावर आठवतं. एवढं करून नव्वदच्या वेगानं आलेला माणूस नवाच्या वेगानं निघतो, आणि वारा पडला तर शून्यानं. जहाजावरचे मैल आणि बंदरातला मुक्काम यांचं जे प्रमाण असतं, तेच इथं आहे, फक्त जागा बदलल्या आहेत. मैल रस्त्यावर आणि मुक्काम पाण्यावर.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: होडी समुद्रकाठच्या मरीनात ठेवा, विमानानं जा, नाहीतर तिथं जाऊन भाड्यानं घ्या. मरीनात ठेवलेल्या होडीचं भाडं दर महिन्याला जातं, तिच्या बुडाला शेवाळ धरतं, डेकवर पक्षी बसतात. मालक महिन्यातून एकदा येऊन पक्ष्यांचं केलेलं पुसतो आणि समुद्राकडे पाहून परत जातो. त्याच्यापाशी पाणी आहे, पण ते एकच पाणी आहे. ट्रेलरवाल्याचं तसं नाही. त्याला मेक्सिकोच्या आखातापासून मोंटानातल्या सरोवरापर्यंत जिथं रॅम्प तिथं बंदर. भाड्याच्या होडीबद्दल तर बोलायलाच नको. भाड्याची होडी म्हणजे दुसऱ्याच्या घरी झोप. झोप लागते, पण उशी आपली नसते. शिवाय भाड्यानं घेतलेल्या होडीत बिघाड झाला तर ती दुसऱ्याची डोकेदुखी, आणि मग या माणसानं वीस वर्षं जमवलेली पान्ह्यांची पेटी कशासाठी?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. रस्त्यावर कुणी बुडत नाही, मग त्याला दर्या कशाला म्हणायचं? पण दर्यावर्दीपण बुडण्यात कधीच नव्हतं. न बुडण्याच्या तयारीत होतं, आणि तयारी जिथं धोका तिथं असते. लहान सरोवरावर, अंगावर जाकीट घालून, किनारा हाकेच्या अंतरावर ठेवून तासाला पाच-सहा किलोमीटरनं फिरणाऱ्या माणसाला धोका कितीसा? त्याचे दोन मोठे धोके होडी पाण्याबाहेर असतानाचेच. एक, महामार्गावर निखळणारं चाक. दुसरा, वाहनतळावर उभी केलेली ॲल्युमिनियमची डोलकाठी डोक्यावरच्या विजेच्या तारेला लागणं. हा दुसरा थट्टेचा विषय नाही. त्यात माणसं गेली आहेत, म्हणूनच रॅम्पजवळ ‘वर बघा’ अशा पाट्या असतात. होबी कंपनीनं आपल्या जोडहोड्यांच्या डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा केला, तोही याच कारणानं. लाटांनी नव्हे, विजेच्या तारांनी होडीची घडण बदलली. समुद्र कोणता, हे होडीकडे पाहूनच ओळखावं.

या ट्रेलरधर्माची तीर्थक्षेत्रंही पाहण्यासारखी आहेत. ॲरिझोनातल्या हवासू सरोवरावर फेब्रुवारीत छोट्या होड्यांचा मेळावा भरत आला आहे; बर्फानं गोठलेल्या राज्यांतून लोक शेकडो मैल होड्या ओढत वाळवंटात येतात. वाळवंटात, कारण तिथं धरण आहे. आणि त्या सरोवरावर जो पूल आहे तो लंडनचा आहे. खराखुरा. रॉबर्ट मॅककलक नावाच्या उद्योगपतीनं १९६८ मध्ये लंडन ब्रिज २४ लाख ६० हजार डॉलरला विकत घेतला. त्याचे दगड पनामा कालव्यातून लाँग बीचला आणले, तिथून ट्रकनं वाळवंटात नेले, कोरड्या जमिनीवर पूल उभा केला, आणि मग त्याच्याखालून कालवा खणून पाणी आणलं. १९७१ मध्ये उद्घाटन झालं. जिथं पूल आधी येतो आणि पाणी मागून, तिथं होडी रस्त्यानं आली म्हणून नाक मुरडायचं कुणी? टेक्सासच्या किनाऱ्यावर जूनमध्ये होणारी ‘टेक्सास २००’ ही यात्रा तर माझ्या मुद्द्याचा कळस आहे. दोनशे मैल वाऱ्याबरोबर जायचं असतं. पण पोचल्यावर होडी घरी न्यायला ट्रेलर तिथं हवा. म्हणून आधी सगळे जण होड्या आरंभाच्या ठिकाणी सोडतात, रिकामे ट्रेलर ओढत शेवटच्या मुक्कामाला जातात, गाड्या तिथं लावतात आणि बसमध्ये बसून आरंभाला परत येतात. म्हणजे शीड उघडण्याआधी तोच किनारा डांबरावरून दोनदा पार झालेला असतो. त्या बसमध्ये प्रत्येक सीटवर एकेक तांडेल, आणि सुकाणू एकाच्याच हातात, तेही ज्याला पोहता येतं की नाही हे कुणी विचारलेलं नाही अशा ड्रायव्हरच्या.

राहिला पेट्रोलचा आक्षेप, आणि त्याला माझ्यापाशी सरळ उत्तर नाही. वारा फुकट आहे, स्वच्छ आहे, म्हणून शिडाची होडी घ्यायची, आणि त्या फुकट वाऱ्यापर्यंत पोचायला टाक्यांमागून टाक्या जाळायच्या, यात चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला आहे, हे कबूल. एवढंच सांगता येईल, की हा विरोधाभास पेट्रोलच्या आधीचा आहे, आणि त्या काळी त्यावर उपायही सापडला होता. १८०५ च्या जूनमध्ये मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीतून पश्चिमेकडे जाताना आजच्या मोंटानातल्या ग्रेट फॉल्सपाशी अडली. एकामागून एक धबधबे. होड्या बाहेर काढून अठरा मैल जमिनीवरून न्याव्या लागल्या आणि त्या ठिकाणी जवळजवळ महिना गेला. कॉटनवुडच्या बुंध्याच्या चकत्या कापून चाकं केली, आणि आस कशाचा केला, तर मागे ठेवायच्या होडीची डोलकाठी तोडून. अमेरिकेतल्या ट्रेलरचा पहिला आस डोलकाठीचा होता म्हणायला हरकत नाही, आणि तो वारंवार मोडला, हेही परंपरेला धरूनच. लुईसनं पूर्वेकडून मोठ्या हौसेनं लोखंडी सांगाड्याची घडीची होडी आणली होती. ती कातडी चढवून पाण्यात सोडली तर शिवणीतून गळायला लागली आणि तिथंच टाकून द्यावी लागली. पण एका दिवशी मैदानावर जोराचा वारा सुटला, तेव्हा त्या माणसांनी चाकांवरच्या होडीला शीड लावलं, आणि होडी गवतावरून वाऱ्याच्या जोरावर चालायला लागली. लुईसनं ते आपल्या रोजनिशीत कौतुकानं टिपून ठेवलं आहे.

तो उपाय आज करता येत नाही. गावाबाहेरच्या आंतरराज्य महामार्गावर पुलाखालची उंची सोळा फूट धरलेली असते, आणि ट्रेलरवरच्या कॅटलिनाची डोलकाठी उभी केली तर तिचं टोक तीस फुटांच्या वर जातं. म्हणून डोलकाठी आडवीच राहते, शीड पिशवीत राहतं, आणि डेन्व्हरपासून सॅन डिएगोपर्यंतच्या १,७०० किलोमीटरमध्ये वारा भरून घेणारं एकच कापड त्या होडीवर असतं: मागच्या टोकाचं ते लाल फडकं. ते मात्र सगळी वाट फडफडत असतं.